तू – वर, मी – हॉटेल

नवऱ्याला कुठल्याही प्रवासाआधी दोनशे पानी वहीत रकाने आखायची सवय आहे. तारीख, प्रवास, मुक्काम, जेवण आणि शेवटी सगळ्यात रुंद रकाना ‘काय करायचं’. 2023 च्या डिसेंबरात गुलमर्गला जायचं पक्कं झालं तेव्हाही त्यानं असंच एक पान भरून जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि तो दूध आणायला खाली गेला. चहा गाळता गाळता मी ते वाचलं. पहिला दिवस पुणे ते श्रीनगर, तिथून गुलमर्ग. दुसरा दिवस स्की आणि बूट भाड्यानं घेणे, थोडा सराव. आणि तिसऱ्या दिवसापुढे, त्याच्या टपोऱ्या सुट्या अक्षरांत: ‘तू – वर. मी – हॉटेल.’ चौथ्या आणि पाचव्या दिवसापुढे नुसतं ‘वरीलप्रमाणे’.

त्या ओळीत रुसवा नव्हता, टोमणा तर नव्हताच. विजेचं बिल भरल्याची नोंद करावी तसं ते लिहिलेलं होतं, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. सहा दिवसांची सहल, त्यातले तीन दिवस एक माणूस बर्फात आणि दुसरा खोलीत, आणि हे त्यानं स्वतःच्या हातानं, जराही कुरकुर न करता आखून ठेवलेलं. तो वर आला, पिशवी कापून दूध पातेल्यात ओतलं आणि म्हणाला, “बघितलंस का?” मी म्हटलं, “हो, बघितलं.” पुढे काय बोलावं ते मला सुचेना.

मला स्कीइंग येतं, त्याला येत नाही. मी 2003 साली मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत बेसिक कोर्स केला होता. सोलांगच्या उतारावर आम्हाला लिफ्ट वगैरे काही नव्हतं. स्की आडव्या रोवत, एकेक पाऊल वर सरकवत अर्धा तास चढायचं आणि मिनिटभरात खाली यायचं. संध्याकाळी ओल्या लोकरीचा आणि रॉकेलचा वास अंगाला चिकटलेला असायचा. पुढे नोकरीनिमित्त तीन हिवाळे म्युनिकमध्ये काढले. शनिवारी पहाटेची बस पकडून ऑस्ट्रियात जायचं आणि काळोख पडायच्या आत परत. तिथे मी सोप्या निळ्या उतारांवरून मध्यम लाल उतारांपर्यंत पोचले. रात्रभर गोठलेल्या बर्फावर सकाळी पहिल्यांदा स्कीची धार रेटली की जाड कापड फाडल्यासारखा आवाज येतो. पुण्याला परत आल्यावर बारा वर्षं तो आवाज ऐकला नव्हता, पण कधीतरी रात्री झोप लागता लागता गुडघे आपोआप वाकायचे. गुलमर्गला जाऊ या, असं म्हणाले ते मी. तो “चल” म्हणाला, कारण मी म्हटलं होतं. ही गोष्ट त्या रकान्यात कुठेच नव्हती आणि तरी सगळ्या पानावर होती.

तो गुहागरचा. पाण्यातला माणूस. त्यानं बर्फ पाहिलेलाच नव्हता.

ती ओळ डोक्यात घेऊन मी चार-पाच दिवस वावरले, आणि मला आठवत राहिले सज्जनगडाच्या पायऱ्या चढणारे आई-बाबा. बाबा नेहमी पंधरा-वीस पायऱ्या पुढे. उतावीळ म्हणून नव्हे, त्यांची चालच तशी होती. वळणावर कट्टा आला की ते थांबायचे, उपरण्यानं मान पुसायचे, खालच्या उरमोडीच्या पाण्याकडे बघत चांगले पाच मिनिटं उभे राहायचे. मागून आई यायची, पदर खोचलेला, हातात डब्यांची पिशवी, धापा टाकत. ती कट्ट्यापाशी पोचली की बाबा म्हणायचे, “आलीस? चला मग.” आणि निघायचे. बाबा थांबत नव्हते असं कुणी म्हणू शकलं नसतं. दर वळणावर थांबत होते. पण विश्रांती मिळत होती ती न दमलेल्या माणसाला. दमलेलं माणूस पोचलं की निघायची वेळ झालेली असायची. मी मध्येच कुठेतरी उड्या मारत असायचे आणि मला ते दिसत नव्हतं. दिसलं ते फार नंतर, कॉलेजात असताना ट्रेकला जायला लागले तेव्हा. आमचा म्होरक्या सगळ्यात हळू चालणाऱ्याला सगळ्यात पुढे ठेवायचा आणि म्हणायचा, हा थांबेल तेव्हा सगळे थांबतील, आणि याचा श्वास खाली बसला की निघायचं. त्या दिवशी घरी येऊन मी आईचे पाय चेपले. तिला कारण कळलं नाही.

ऑस्ट्रियातल्या दुसऱ्याच शनिवारी माझ्यावरही तशी वेळ आली होती. बरोबरचे दोघं उत्तम स्कीइंग करणारे, प्रेमळ, मदतीला तत्पर. “खाली लहान मुलांच्यात काय घसरतेस, वर चल, आम्ही आहोत ना,” म्हणून त्यांनी मला खुर्चीच्या लिफ्टवर बसवलं. वर पोचल्यावर उताराचं टोकच दिसेना, नुसती कड आणि त्यापलीकडे दरीतलं धुकं. ते दोघं दहा वळणं घेऊन खाली थांबायचे, काठ्या हलवून बोलवायचे. मी स्की आडव्या धरून, कडेकडेनं, वीतवीत घसरत त्यांच्यापाशी पोचायचे तेव्हा माझ्या मांड्या थरथरत असायच्या, आणि ते “छान, छान!” म्हणून निघून जायचे. सज्जनगडच होता तो. पंधरा मिनिटांच्या वाटेला मला दोन तास लागले. मी रागावले नव्हते, पण खाली आल्यावर बूट काढताना हात इतके कापत होते की बक्कल उघडेना. पुढे मी महिनाभर एकटीनं खालच्या उतारावर शिकले. ज्याला येतं त्याला, न येणं म्हणजे काय असतं ते आठवत नाही. यात वाईटपणा कुणाचा नसतो. शरीर एकदा शिकलं की न शिकलेले दिवस पुसून टाकतं.

म्हणून पाचव्या दिवशी मी ती वही उघडली आणि आमचा बेत उलट्या बाजूनं आखायला बसले. आधी त्याचा दिवस, मग माझा.

गुलमर्ग या बाबतीत गमतीशीर जागा आहे. युरोपातल्यासारखं तिथे सोपं, मध्यम, अवघड असं उतारांचं जाळं नाही. खाली, 2650 मीटरवर, तो बशीसारखा पसरलेला मैदानी भाग, तिथे शिकाऊंचे उतार आणि दोन पायांमध्ये चकती अडकवून वर ओढून नेणाऱ्या लिफ्टा. मग गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून चालणाऱ्या बंद डब्यांचा पहिला टप्पा, 1998 साली सुरू झालेला, जो कोंगडोरी या मधल्या स्टेशनाला नेतो. तिथून झाडांमधून खाली गुलमर्गापर्यंत येणारी वाट बऱ्यापैकी स्कीइंग येणाऱ्यासाठी आहे. आणि 2005 साली सुरू झालेला दुसरा टप्पा थेट अफरवट शिखराच्या खांद्यावर, 3900 मीटरच्याही वर सोडतो. तिथून खाली येणारे उतार यंत्रानं दाबून सारखे केलेले नसतात, तिथला बर्फ पडलेला तसाच असतो. म्हणजे एकदम खाली आणि एकदम वर, मध्ये थोडंसंच. एकाला येतं आणि एकाला येत नाही अशा जोडप्याला ही जागा आपोआप वेगळं करते. पण तीच जागा एक सोयही देते. गोंडोलात बसायला स्कीइंग यावं लागत नाही. सहा माणसांच्या डब्यात बसून कुणीही कोंगडोरीला जाऊ शकतं, चहा पिऊन त्याच डब्यानं खाली येऊ शकतं. जेवायला वर भेटायचं की खाली, एवढंच ठरवायचं उरतं.

मुक्काम आधी तंगमर्गला ठरत होता, स्वस्त पडत होता. मी तो बदलून गुलमर्गातच घेतला, शिकाऊ उतारापासून चालत जाण्याच्या अंतरावर. नवीन शिकणारं माणूस दुपारी एकपर्यंत पार थकतं. मांड्या पेटतात, लक्ष उडतं आणि नेमकं त्यानंतरच पडून दुखापत होते. त्या वेळी त्याला कुणाचीही वाट न बघता, कुणाचा दिवस न मोडता, आपल्या खोलीत जाऊन पडता आलं पाहिजे. तंगमर्गाहून तेरा किलोमीटरचा घाट चढून आलेल्याला ते जमत नाही, मग तो बुटांसकट बाकावर बसून राहतो आणि वर गेलेल्याचं मन खाली अडकतं. दुसरं, त्याच्यासाठी पूर्ण चार दिवसांचा स्वतंत्र कोच. त्याचे पैसे आधी बाजूला, माझ्या गोंडोलाच्या फेऱ्या उरलेल्या पैशांत. यावर आमची थोडी हुज्जत झाली. “तुला येतं की, तूच शिकव,” तो म्हणाला. मी त्याला आमच्या गाडीची आठवण करून दिली. लग्नानंतर त्यानं मला गाडी शिकवायला घेतली होती, तिसऱ्या दिवशी सेनापती बापट रस्त्यावर आम्ही एकमेकांशी बोलेनासे झालो होतो, आणि पुढे मोटार ट्रेनिंग स्कूलच्या एका शांत माणसानं तेच काम वीस दिवसांत केलं होतं. तो हसला आणि त्यानं कोच लिहून घेतला.

फोनचा मुद्दा त्याच्या लक्षात आला, माझ्या नाही. त्याचा नंबर प्रीपेड, आणि बाहेरचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही. माझा पोस्टपेड. म्हणजे आम्ही वेगळे झालो की एकमेकांना फोन लावणं नाही. मला आधी धास्ती वाटली, मग वाटलं, बरंच झालं. आम्ही वहीत लिहिलं: रोज एक वाजता, गोंडोलाच्या खालच्या स्टेशनाबाहेर, चहाच्या टपरीपाशी. जो आधी येईल त्यानं चहा सांगायचा. दीड वाजेपर्यंत दुसरं आलं नाही तर कोचच्या फोनवरून माझ्या फोनवर. लहानपणी जत्रेत आई सांगायची, चुकलीस तर दीपमाळेपाशी येऊन उभी राहा, तसं.

दोघांनी महिनाभर रोज संध्याकाळी पर्वती केली. चढायला सोपं म्हणून नव्हे, उतरताना मांड्यांना जे काम पडतं त्यासाठी. उतरताना तो माझ्यापुढे असायचा.

आणि मग बर्फच पडेना. 2024 चा तो जानेवारी काश्मिरात सगळ्यांनाच लक्षात असेल. चिल्लई कलाँ, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, थंडीचा सगळ्यात कडक काळ, पार कोरडा चालला होता. गुलमर्गाचे फोटो यायचे ते तपकिरी गवताचे. गोंडोलाचे डबे मातकट डोंगरावरून चाललेले. हॉटेलवाल्याला फोन केला की तो म्हणायचा, “दुआ कीजिए.” आम्ही रोज रात्री हवामान बघायचो, आणि मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी हळहळत होते, तो मात्र थोडा सुटल्यासारखा दिसत होता. आवाजात हलकेपणा आला होता. बर्फच नसेल तर कुणी वर नाही, कुणी हॉटेलात नाही, दोघं मिळून शिकाऱ्यात बसू, केशर विकत घेऊ. जानेवारी संपता संपता हवा पालटली आणि धो धो बर्फ पडला. बातमी मी त्याला स्वयंपाकघरातून ओरडून सांगितली. तो म्हणाला, “अरे वा,” आणि वहीत बघत राहिला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पोचलो. तंगमर्गला गाडी बदलली, चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीत बसलो. साखळ्यांचा खणखणाट, काचेवर आतून वाफ, ड्रायव्हरच्या फिरनमधून येणारा कांगडीच्या निखाऱ्यांचा ऊबदार वास. एका वळणावर देवदारांच्या फांद्यांवरून बर्फाची लादी आवाज न करता खाली आली. नवरा म्हणाला, “आवाजच नाही गं याला.” समुद्राजवळ वाढलेल्या माणसानं पहिल्यांदा बर्फ पाहून हे म्हणावं, याचं मला फार वाटलं. इतकं मोठं काही हलतं आणि गाज नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात बूट. बूट हेच निम्मं शिक्षण असतं. त्यानं थंडीच्या धसक्यानं दोन जोड मोजे घातले होते. कोचनं एक जोड काढायला लावली, एकच पातळ लोकरी मोजा, तोही वर पोटरीपर्यंत सुरकुती न पडता ओढलेला. नडगी पुढच्या जिभेला टेकली पाहिजे, टाच उचलली जाता कामा नये, बोटं मात्र हलली पाहिजेत. त्याच्या स्की हनुवटीपर्यंत, माझ्या त्याहून लांब. बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग किती घट्ट धरणार ते वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि स्कीइंग कसं करता यावरून ठरतं. शिकाऊ माणसाचं सैल ठेवतात, पडला की पाय चटकन सुटावा म्हणून. दुकानदारानं स्क्रू फिरवताना नवऱ्याला विचारलं, “सर, पहली बार?” तो म्हणाला, “पहली बार.” अगदी सरळ. मला वाटतं त्या क्षणी मीच जास्त अवघडले होते.

कोच दुपारी दोनला येणार होता. बारा वाजले होते, ऊन पडलं होतं, आणि मी ठरवलेलं सगळं विसरले. म्हटलं, तासभर मी दाखवते. मैदानाच्या कडेला, आपल्या इमारतीच्या आवारातल्या उताराएवढा उतार. पुढची टोकं जवळ, टाचा लांब, गुडघे आत, वजन पुढे. मी दाखवलं, तो घसरला, मागे रेलला, पडला. उठवलं. पुन्हा पडला. “पुढे वाक ना. अरे पुढे!” तो पुढे वाकला तो कमरेतून, मातीत काहीतरी शोधणाऱ्या माणसासारखा. “कमरेतून नाही, घोट्यातून!” माझा आवाज चढला. तो उठला, अंगावरचा बर्फ झटकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “तू जा की फिरून ये एक चक्कर. मी थांबतो इथे.” तेच वाक्य होतं ते. ‘तू – वर. मी – हॉटेल.’ फक्त आता ते कागदावर नव्हतं आणि त्याच्या भुवयांवर बर्फ होता.

दोनला कोच आला. तंगमर्गचा माणूस, पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा. त्यानं पहिला अर्धा तास स्की घालूच दिल्या नाहीत. नुसत्या बुटांनी चालायला लावलं, एकाच पायात स्की घालून ढकलायला लावलं, पडायला शिकवलं आणि पडल्यावर स्की उताराला आडव्या करून उठायला शिकवलं. मग म्हणाला, “सर, पिज्झा बनाइए. बडा पिज्झा. नीचे मत देखिए, मुझे देखिए.” मी सांगितलेलं आणि त्यानं सांगितलेलं वेगळं नव्हतं. पण कोच प्रत्येक खेपेला नवऱ्याबरोबर चालत वर येत होता. तो पोचला की लगेच “चलिए” म्हणत नव्हता, काठीवर हात ठेवून उभा राहायचा, डोंगराबद्दल एखादी गोष्ट सांगायचा, आणि नवऱ्याच्या तोंडातून निघणारी वाफ कमी झाली की मग खाली बघायचा. गुलमर्ग कळसूबाईपेक्षा हजार मीटर उंच आहे. तिथे श्वास जमायला वेळ लागतो, हे मी वाचून आले होते. तो ते पाळत होता.

माझीही परीक्षा कोचनंच घेतली. त्या संध्याकाळी मी त्याला विचारलं, उद्या मी अफरवटहून उतरू का. तो म्हणाला, आधी एक फेरी माझ्याबरोबर कोंगडोरीहून. आम्ही आलो. खालचा बर्फ लोकांच्या जाण्या-येण्यानं दबलेला होता, तिथे बारा वर्षं मधून गळून पडली, तो कापड फाडल्याचा आवाजही आला. मग मुद्दाम त्यानं मला झाडांच्या कडेनं न दबलेल्या बर्फात नेलं, आणि तिसऱ्या वळणाला माझ्या स्कीची टोकं गायब झाली, मी कमरेपर्यंत आत. उठायला दहा मिनिटं लागली. काठी टेकवली तर ती मुठीपर्यंत आत जाई, खाली काही लागेच ना. “मॅडम, दबा हुआ बर्फ आपको आता है,” तो म्हणाला. “पाउडर अलग चीज है.” वरचं सगळं पावडर. तिथे जाणाऱ्यांकडे बर्फाखाली गाडलं गेल्यावर माग सांगणारं यंत्र, फावडं, बर्फात खुपसून शोधायची लांब काठी असते, ते वापरायची सवय असते, वाटाड्या असतो. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. म्युनिकच्या शनिवारांवर भरवसा ठेवून मी वर जायला निघाले होते. नवऱ्यानं लिहिलेलं ‘तू – वर’ हेही तितकंसं खरं नव्हतं तर.

त्या रात्री खोलीतल्या बुखारीत लाकडं तडतडत होती. दोघांचेही ओले मोजे खुर्चीच्या पाठीवर. मी विचारलं, “तू ते हॉटेल का लिहिलं होतंस? तीन दिवस?” त्याला आधी आठवेना. मग म्हणाला, “अगं, मग काय लिहायचं? तुला पाठीमागे ओढ नको म्हणून. तू नाही का बसत गुहागरला?”

सोळा वर्षं. दर मे महिन्यात, दिवाळीत. तो पाण्यात जातो, लाटांच्या पलीकडे, एक काळा ठिपका होईपर्यंत, आणि मी सुरूच्या बनाच्या कडेला वाळूत त्याच्या चपला, चष्मा आणि टॉवेल घेऊन बसते. पाऊण तास, कधी तास. मला पोहता येत नाही. त्याच्या दृष्टीनं ते आमचं ठरलेलं होतं, मी आनंदानं दिलेलं, आणि ते त्याला परत द्यायचं होतं. त्यानं ते हॉटेल मला भेट म्हणून लिहिलं होतं. मला ते वाचून का टोचलं होतं ते तेव्हा मला उमगलं. त्या वाळूवर बसणं मला काय वाटतं, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. पहिली वीस मिनिटं छान असतात. मग तो ठिपका हरवतो, एखादी लाट मध्ये येते, आणि पुन्हा दिसेपर्यंत मी मोजत असते. आकडा शंभरापुढे गेला की उभी राहते. तो परत येतो तेव्हा खूप आनंदात असतो, अंगावरून पाणी निथळत असतं, आणि त्या आनंदावर मी माझी मोजदाद कशी टाकणार? म्हणून “कसं होतं पाणी?” एवढंच विचारते. हे सगळं मी त्या रात्री सांगितलं. तो बराच वेळ बुखारीकडे बघत राहिला. म्हणाला, “शंभरापुढे गेला होता आकडा कधी?” मी म्हटलं, “दोनदा.”

पाचव्या दिवशी आम्ही दोघंही अफरवटला गेलो, स्की न घेता, साध्या बुटांनी, गोंडोलानं वर आणि गोंडोलानंच खाली. वर वारा इतका बारीक आणि धारदार होता की पापण्या चिकटत होत्या. आमच्यासमोरून तीन परदेशी मुलं त्या कडेवरून एकामागून एक खाली गेली, मागे धुरळ्यासारखा बर्फ उडवत, आणि मला हेवा वाटला. तो लपवला नाही. संध्याकाळी टेकडीवरच्या महाराणीच्या देवळात गेलो, 1915 साली बांधलेलं, लाल छपराचं. पायऱ्यांवर बर्फ होता, दोघांनी एकमेकांचा हात धरून चढलो. ते देऊळ 2024 च्याच जूनमध्ये आगीत जळालं. आणि आम्ही पुण्याला परतून आठवडाही झाला नव्हता तेव्हा, 22 फेब्रुवारीला, कोंगडोरीच्या वरच्या उतारांवर हिमस्खलन होऊन एका रशियन स्कीअरचा जीव गेल्याची बातमी आली. ती आम्ही दोघांनी एकाच फोनवर, खांद्याला खांदा लावून वाचली आणि कुणीच काही बोललो नाही. मला त्या तीन मुलांच्या पाठी दिसत राहिल्या.

पण मला लिहायचं होतं ते तिसऱ्या दिवसाबद्दल.

त्या दिवशी सकाळी आम्ही वेगळे झालो. तो कोचबरोबर मैदानात, मी पहिल्या टप्प्यावर. निघताना त्यानं स्वतःचे चालायचे बूट माझ्या पाठपिशवीत कोंबले, दुपारी पाय मोकळे करायला. कोंगडोरीहून मी तीन फेऱ्या मारल्या. दुसरा टप्पा वाऱ्यानं बंद होता. चौथ्या फेरीला रांग मोठी होती आणि घड्याळात सव्वाबारा झाले होते. टपरीवर न थांबता मी सरळ शिकाऊ उताराकडे गेले, कडेला स्की काढून बर्फात उभ्या रोवल्या आणि पाठपिशवी टेकून खाली बसले. सभोवार कलकलाट होता. ढकलगाडीसारख्या लाकडी स्लेजवर बसवून पर्यटकांना ओढणारे, रंगीत टोप्यांची शाळेची मुलं, मक्याची कणसं भाजणारा. त्याला मी दिसले नव्हते. लिफ्टची चकती पायांमध्ये घेऊन तो वर जात होता, दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून. वर जाऊन सुटला, तोल सावरला, उभा राहिला. कोच काहीतरी म्हणाला. मग तो निघाला.

मी मोजायला लागले. सवयच होती. एक वळण, डावीकडे, हळू, टोकं जवळ. दुसरं, उजवीकडे. तिसऱ्याला मागे रेलला, मी श्वास धरला, तो सावरला. चौथं. पाचव्याला एक लहान मुलगी आडवी आली, त्यानं ती गेल्यावर वळण घेतलं. सहा. सात. आठ. आठव्याला त्याचा चेहरा दिसण्याइतका जवळ आला, ओठ घट्ट मिटलेले, समुद्रातून परत येतानाचा तो मोकळा चेहरा नव्हे, अगदी दुसराच, मी कधी न पाहिलेला. त्याला मी दिसले. त्यानं स्कीच्या टाचा जोरात लांब केल्या आणि माझ्यापासून दोन हातांवर येऊन थांबला. धाप लागली होती. पाणी पुसावं तसा त्यानं चेहऱ्यावरून हातमोजा फिरवला.

“कधी आलीस?”

“आत्ताच.”

मी पिशवीतून त्याचे बूट काढून माझ्या शेजारी बर्फावर ठेवले. एक वाजायला दहा मिनिटं होती, टपरी समोरच होती आणि मला भूक लागली होती. तो काठ्यांवर वाकून श्वास घेत होता, तोंडातून वाफ येत होती. मी बसूनच राहिले.